कुकेरी : नावाचं मूळ आणि सोंगाचं मूळ

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. पूर्व बल्गेरियात, ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ सुरू होण्याच्या सुमारास गावातले पुरुष कातडी पांघरतात, मुखवटे चढवतात, कमरेला जड घंटा बांधून दारोदार नाचतात. इडापीडा टळावी, पीक चांगलं यावं, हा हेतू. काही गावांत नांगरणी-पेरणीचं सोंगही आणतात. या सोंगाड्यांना म्हणतात 'कुकेरी'. एकटा असेल तर 'कुकेर'.

हा शब्द आला कुठून? काही अभ्यासक प्राचीन स्लाव भाषेतला 'कुका', म्हणजे दुष्ट आत्मा, हे मूळ देतात. काही लॅटिन 'कुकुल्ला'कडे बोट दाखवतात. त्याचा अर्थ डोक्यावरची टोपडीवजा खोळ. तिसरा पक्ष ग्रीकांकडे वळतो. थ्रेसमधल्या ग्रीक गावांत अशाच सोंगाला 'कालोगेरोस' म्हणत, आणि १९०६ साली डॉकिन्स या इंग्रज अभ्यासकाने त्याचा संबंध डायोनिसस देवाच्या उपासनेशी जोडला होता.

आता गंमत बघा. व्युत्पत्ती बदलली की पूर्वज बदलतो! स्लाव, रोमन, ग्रीक. म्हणजे वाद शब्दाचा दिसतो, पण खरा झगडा वारसाहक्काचा असतो.

पण पश्चिमेकडे पेर्निक भागात जवळपास हेच सोंग जानेवारीत निघतं, आणि तिथे त्याचं नाव 'सुर्वाकारी'. (पेर्निकच्या या सणाची नोंद युनेस्कोने २०१५ साली वारसा यादीत केली.) कुठे 'स्तार्त्सी' म्हणतात, म्हणजे नुसते 'म्हातारे'. कुठे 'चाउशी' म्हणतात, आणि तो तर उस्मानी अंमलदाराचा तुर्की हुद्दा! म्हणून हे सोंग तुर्की फौजेने आणलं, असं कोणी म्हणतं का? नाही ना? मग 'चाउश'ला जो न्याय, तोच 'कुकेर'ला का नको?

तर्कदृष्ट्या चूक इथेच आहे. नावाचं वय म्हणजे वस्तूचं वय नव्हे. जुन्या माणसालाही नवं नाव मिळतं.

मग व्युत्पत्ती निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. कोण कोणाच्या शेजारी राहिलं, कोणाचा शब्द कोणी उचलला, हे ती सांगते. बाल्कनचा खरा इतिहास तोच आहे. मालकीचा दाखला मात्र तिच्याकडे मागू नये. तो तिच्या दप्तरात नाही.