मानेतल्या चार ग्रंथी आणि एक गोळी

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्यांचं हार्मोन हाडांतून ते काढून घेतं. चढलं की ग्रंथी हात आखडता घेतात. एखादी ग्रंथी बेताल झाली की हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंडात खडे धरतात. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी अशी ग्रंथी कापून काढली आणि पुढे कित्येक दशकं खात्रीचा उपाय तोच राहिला.

पण ग्रंथी सापडायला तर हवी! अमेरिकन जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांच्यावर सहा शस्त्रक्रिया वाया गेल्या. १९३२ मध्ये सातव्या वेळी ती थेट छातीत सापडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ते वारले.

औषधाची वाट निघाली ती एका साध्या प्रश्नातून: बाहेर कॅल्शियम किती आहे, हे पेशीला कळतं कसं? बॉस्टनमध्ये एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने गाईच्या पॅराथायरॉइडमधला आरएनए बेडकाच्या अंड्यांत टोचला. मग भोवतालच्या द्रवातलं कॅल्शियम वाढवलं, तशी अंड्याच्या आवरणातून वीज वाहू लागली. एरवी कॅल्शियमची दखलही न घेणारं ते अंडं आता त्याला ओळखत होतं. जबाबदार जनुक त्यांनी वेगळं केलं आणि १९९३ साली ‘नेचर’मध्ये कॅल्शियम ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) जगापुढे आला.

या कामात सॉल्ट लेक सिटीच्या ‘एनपीएस’ कंपनीचे एडवर्ड नेमेथही होते. ग्राहकाचे कान तिखट करणारा रेणू दिला, तर आहे तेवढ्या कॅल्शियमवरच ग्रंथी थांबेल, ही त्यांची दिशा. पहिला उमेदवार आर-५६८ काही रुग्णांच्या यकृतात झपाट्याने मोडे, काहींच्यात टिकून राही. डोस बसवणं अवघड. त्याची जागा सिनॅकॅल्सेट या गोळीने घेतली. २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, ती मुख्यतः डायालिसिसवरच्या रुग्णांसाठी. मूत्रपिंडं निकामी झाली की या ग्रंथी चेकाळतात. २०१७ मध्ये त्याच कुळातलं एटेलकॅल्सेटाइड आलं. ते डायालिसिस संपताना शिरेतूनच देतात, त्यामुळे आधीच मूठभर गोळ्या गिळणाऱ्या रुग्णाची एक तरी कमी होते.

या औषधांनी मळमळ होते, कॅल्शियम फार उतरू शकतं, म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं. मूळ दोष ग्रंथीतच असेल तर गोळीने कॅल्शियम उतरतं, पण हाडांची घनता भरून येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया झेपणाऱ्याला डॉक्टर आजही तीच सुचवतात. ज्याला ती झेपत नाही, त्याच्यासाठी २०११ पासून अमेरिकेत ही गोळी अधिकृत आहे.