पडद्यामागचा ‘एकच प्याला’

राजशेखर नावाच्या जुन्या संस्कृत पंडितानं ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात एक गोष्ट सांगितली आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं, ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम! म्हणजे या लग्नात आपण मांडवातले. आणि मांडवातल्या माणसाला ठाऊक असतं, की पुढं अक्षता पडत असतात तेव्हा मागं कुणी रुसलेलं असतं, कुणी आजारी असतं, आणि काहीतरी आणायचं हमखास राहिलेलं असतं. संगीत नाटकाचं अगदी तसंच आहे.

अमेरिकेत असं नाटक न्यूयॉर्कला नेण्याआधी दुसऱ्या गावी लावून पाहण्याची चाल आहे. आपल्याकडं किर्लोस्कर मंडळीनं १८८२ साली ‘सौभद्र’चे पहिले तीनच अंक लावले, बाकीचे मागाहून आले. पण आज मला सांगायचं आहे ते ‘एकच प्याला’विषयी. दारूपायी धुळीला मिळालेल्या सुधाकर वकिलाचं हे नाटक बहुतेकांना माहीत असतं. ते उभं कसं राहिलं, हे मात्र थोड्यांना माहीत असतं.

त्या वेळी नाटक मंडळ्यांची मोठी फाटाफूट चालली होती. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी तीच वाट धरली. त्यांची बळवंत संगीत मंडळी. भावांच्या वाटण्या झाल्या, की एकच विहीर सगळ्यांना हवी असते. इथं ती विहीर म्हणजे राम गणेश गडकरी. ‘एकच प्याला’ गंधर्वांकडे गेलं, ‘भावबंधन’ बळवंतांकडे.

आणि विहीर तर आटत चाललेली! गडकरी क्षयानं खंगले होते. मानमोडीच्या साथीनं घरंच्या घरं ओस पाडली, तो हा काळ. अखेरीस ते आपल्या भावाकडे सावनेरला आले. नागपूर जिल्ह्यातलं सावनेर, म्हणजे आपल्या विदर्भातलंच. तिथं २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डोळे मिटले. वय तेहेतीस. ‘भावबंधन’ जेमतेम पुरं झालं होतं. ‘राजसंन्यास’ अपुरंच राहिलं.

आता गंधर्व मंडळीची अडचण पाहा. प्रेक्षक येणार बालगंधर्वांचं गाणं ऐकायला, आणि नाटकातली पदं गडकऱ्यांच्या हातून झालीच नाहीत. ते काम केलं त्यांचे मित्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी. गुर्जर खरे गोष्टी लिहिणारे. ‘मनोरंजन’ मासिकाच्या वाचकांना परिचयाचे. नाटकाचं पद लिहिणं ही निराळीच कसरत. पुष्कळदा चाल आधी ठरते, मग तिच्या लहानमोठ्या मात्रांत शब्द बसवायचे. चोळीचं माप आधी, कापड मागून! त्यातून शब्द पात्राच्या तोंडी शोभला पाहिजे, आणि गाणाऱ्याला तान घ्यायला जागाही हवी. चालींसाठी सुंदराबाई जाधवांच्या गळ्यातल्या चिजा उपयोगी पडल्या.

बालगंधर्वांपुढं वेगळाच पेच. ‘स्वयंवरा’तली त्यांची रुक्मिणी शालू-दागिन्यांनी मढलेली, आणि लोक ते पाहायलाही येत. इथं सिंधू म्हणजे ठिगळं लावलेलं लुगडं आणि पुढ्यात जातं. लोक नाक मुरडते तर? त्यांनी लुगडं फाटकंच ठेवलं. माझ्या मते त्यांच्या साऱ्या भरजरी शालूंपेक्षा ते ठिगळ मोलाचं.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला पहिला प्रयोग झाला. सुधाकर झाले बोडस. सावनेरच्या त्या दिवसाला अठ्ठावीस दिवस झाले होते.

पुढं नाटक गाजलं, पदं घरोघर गेली. ‘ही पदं कुणाची?’ असं विचारलं, तर अजूनही पुष्कळजण बेलाशक ‘गडकऱ्यांची’ म्हणतात. गुरुजी, उद्या वर्गात मुलांना विचारून पाहा. आणि कुणी ‘गडकऱ्यांची’ म्हणालं, तर फळ्यावर गुर्जरांचं नाव पूर्ण लिहा: विठ्ठल सीताराम गुर्जर.