रेस्टॉरंटमध्ये जेवायला स्वतःचा चाकू? फ्रान्समधली जुनी सवय आणि आजचे नियम

फ्रान्सच्या डोंगराळ भागातलं एखादं साधं रेस्टॉरंट. टेबलावर काटा, सुरी, नॅपकिन सगळं मांडलेलं आहे. तरीही शेजारच्या टेबलावरचे आजोबा खिशातून घडीचा चाकू काढतात, पातं उघडतात आणि ताटातलं मांस कापायला लागतात. वेटर काही बोलत नाही. आजूबाजूचं कुणी दचकतही नाही.

हेच दृश्य पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये घडलं तर? तिथे चाकू टेबलापर्यंत पोहोचण्याआधीच गेटवरचा सिक्युरिटी गार्ड बॅग उघडायला लावेल.

जेवायला आपला चाकू आपण घेऊन जाण्याची ही सवय आली कुठून, ती फ्रान्समध्ये अजून का टिकली आहे आणि कायदा त्याकडे कसा बघतो?

एकेकाळी हाच नियम होता

मध्ययुगीन युरोपात यजमान पाहुण्याला जेवण द्यायचा, चाकू नाही. पाहुणा आपला चाकू कमरेला लावूनच यायचा. त्याच चाकूने मांस कापायचं आणि त्याच्याच टोकाने तुकडा उचलून तोंडात घालायचा. म्हणून तेव्हाचे चाकू टोकदार असत.

काटा इटलीत आधी रुळला. बाकीच्या युरोपात तो सर्रास दिसायला १७ वं-१८ वं शतक उजाडलं. तुकडा उचलायला काटा आल्यावर चाकूच्या टोकाची गरज उरली नाही.

याबाबत एक किस्सा नेहमी सांगितला जातो. फ्रान्सचे मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू यांच्याकडे जेवायला येणारे पाहुणे चाकूच्या टोकाने दात कोरायचे. त्याला वैतागून रिशल्यू यांनी १६३७ मध्ये आपल्याकडच्या चाकूंची टोकं घासून गोल करून घेतली, असं म्हणतात. पुढे १६६९ मध्ये राजा चौदावा लुई याने टोकदार चाकूंवर बंदी घातली. हाणामाऱ्या कमी व्हाव्यात हा त्यामागचा हेतू होता. आज हॉटेलात मिळणारी गोल टोकाची बोथट सुरी ही त्याच बदलाची आठवण आहे.

हळूहळू श्रीमंत घरांमध्ये एकसारख्या काट्या-सुऱ्यांचे संच आले आणि चाकू देणं ही यजमानाची जबाबदारी झाली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्या खिशात मात्र चाकू राहिलाच. दिवसभर दोर कापायला, फांदी छाटायला आणि दुपारी ब्रेड-चीज कापायला तो एकच चाकू पुरायचा.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे चंचीतला अडकित्ता. पान-सुपारी खाणारा माणूस कुणाकडेही गेला तरी सुपारी आपल्याच अडकित्त्याने कातरायचा. त्याला धार असली तरी कुणी त्याला हत्यार म्हटलं नाही.

लायोल आणि ओपिनेल

फ्रान्समध्ये खिशातल्या चाकूचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात.

पहिलं लायोल. दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राक पठारावर या नावाचं गाव आहे. हा भाग गुराढोरांसाठी ओळखला जातो. तिथे १८२९ पासून हा चाकू बनू लागला. सडपातळ बाकदार मूठ आणि पात्याच्या मुळाशी कोरलेली मधमाशी ही त्याची ओळख. पुढे त्याला गुराख्यांच्या उपयोगासाठी टोचा जोडला गेला, आणि १८८० च्या सुमारास वाइनच्या बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही आला. या भागातले अनेक लोक पॅरिसला जाऊन कॅफे चालवायचे, त्यांना हा स्क्रू फार सोयीचा होता.

लायोल ही एखादी कंपनी नाही, ती चाकूची एक घडण आहे. अनेक उत्पादक हे नाव वापरतात आणि स्वस्त नकलाही भरपूर विकल्या जातात. त्यामुळे पात्यावर फक्त ‘लायोल’ असं लिहिलेलं असणं हा दर्जाचा पुरावा नाही.

दुसरं नाव ओपिनेल. आल्प्समधल्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा साधा, लाकडी मुठीचा चाकू बनवला. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे आकार ठरले. १९५५ मध्ये त्याला एक फिरती रिंग बसवण्यात आली. ती फिरवली की उघडलेलं पातं जागेवर पक्कं राहतं आणि चुकून बोटावर मिटत नाही. सगळ्यात लोकप्रिय असलेल्या ८ नंबरच्या ओपिनेलचं पातं साधारण साडेआठ सेंटिमीटर असतं.

ही परंपरा मोठ्या रेस्टॉरंटमध्येही पोहोचली. लायोलमध्ये शेफ मिशेल ब्रास यांनी नावारूपाला आणलेल्या रेस्टॉरंटमध्ये पाहुण्याला एकच चाकू दिला जातो आणि तो संपूर्ण जेवणभर त्याच्याकडेच राहतो. दर पदार्थानंतर सुरी बदलायची नाही, ही ओब्राकची गावाकडची पद्धत.

चाकू मिटला, जेवण संपलं

ग्रामीण फ्रान्समध्ये या चाकूभोवती काही संकेत तयार झाले. जेवताना चाकू ब्रेडच्या तुकड्याने पुसायचा आणि तो तुकडा खाऊन टाकायचा. घरातल्या कर्त्या पुरुषाने चाकू ‘खट्’ करून मिटला की जेवण संपलं, सगळ्यांनी कामाला लागायचं.

चाकू कधी फुकट भेट देऊ नये, मैत्री तुटते, असाही समज आहे. म्हणून भेट घेणारा बदल्यात एक नाणं देतो. म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते.

हॉटेलची सुरी असताना स्वतःचा चाकू का?

सवय हे एक कारण झालं. दुसरं कारण धार.

हॉटेलातली सुरी रोज चिनी मातीच्या ताटावर घासली जाते. ताटावरचा चकचकीत थर सुरीच्या पोलादापेक्षा कठीण असतो, त्यामुळे धार लवकर जाते. बऱ्याच स्टेक नाइफना दातेरी धार असते ती याचसाठी. दातांची टोकं ताटाला लागतात, पण मधल्या खाचा सुरक्षित राहतात. अशी सुरी जास्त दिवस चालते, मात्र ती मांस कापण्याऐवजी काहीशी फाडते. सरळ धारेचा, नीट परजलेला चाकू स्वच्छ काप देतो.

अर्थात, ताटावर घासला तर घरचा चाकूही बोथट होतोच.

खरा प्रश्न रस्त्यावरचा

स्वतःचा चाकू वापरू द्यायचा की नाही, हे रेस्टॉरंटचा मालक ठरवू शकतो. पण घरापासून रेस्टॉरंटपर्यंत तो चाकू खिशातूनच जातो आणि तिथे कायदा लागू होतो. पर्यटक नेमके इथेच अडकतात.

फ्रान्स : जिथे ही परंपरा जपली जाते, तिथेही चाकू खिशात ठेवण्याची सरसकट मोकळीक नाही. योग्य कारणाशिवाय चाकू बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ‘तळहातापेक्षा लहान पातं चालतं’ असं अनेक जण सांगतात, पण कायद्यात अशी कोणतीही सूट नाही. स्वसंरक्षण हे कारणही ग्राह्य धरलं जात नाही. जागा, वेळ आणि परिस्थिती बघून निर्णय होतो. गावातल्या रेस्टॉरंटमधला शेतकरी आणि रात्री शहरातल्या गर्दीत चाकू घेऊन फिरणारा तरुण यांच्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं जात नाही.

इंग्लंड आणि वेल्स : ३ इंच किंवा त्याहून कमी धारेचा, घडी होणारा आणि पातं लॉक न होणारा चाकू कारण न देता बाळगता येतो. पातं लॉक होत असेल तर लांबी कितीही असो, ही सूट मिळत नाही. योग्य कारण सिद्ध करण्याची जबाबदारी चाकू बाळगणाऱ्यावर येते. रिंग असलेला ८ नंबरचा ओपिनेल लॉकही होतो आणि ३ इंचांपेक्षा लांबही आहे. म्हणजे पॅरिसहून आणलेली आठवण लंडनमध्ये खिशात ठेवणं महागात पडू शकतं.

भारत : शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं नियंत्रणाखाली येतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. पण गोष्ट इथेच संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. सणासुदीला किंवा निवडणुकीत असे आदेश अनेकदा निघतात. या कलमात काठ्या, तलवारी, भाले यांच्यासोबत चाकूंचाही स्पष्ट उल्लेख आहे.

त्यात आपल्याकडे खिशातला चाकू म्हटलं की लोकांना आठवतो हिंदी सिनेमातला रामपुरी. तो कधी जेवणासाठी निघाला नाही. त्यामुळे चाकू लहान असला आणि हेतू साधा असला तरी शेजारच्या टेबलावरचे लोक घाबरू शकतात.

तरीही न्यायचाच असेल तर

- त्या देशाचे, शहराचे नियम आणि सध्या मनाई आदेश आहे का, हे आधी तपासा.
- लहान, लॉक न होणारा चाकू निवडा. तो खिशाऐवजी डब्याच्या पिशवीत, मिटलेल्या स्थितीत ठेवा. अर्थात, यामुळे कायद्यातून सूट मिळते असं नाही.
- चाकू उघडण्याआधी वेटरला विचारा. ‘नको’ म्हणाला तर विषय तिथेच संपवा. धारदार सुरी मागितली तर बहुतेक ठिकाणी दुसरी आणून देतात.
- पातं हळूच उघडा, धार आपल्या ताटाकडे ठेवा. बोलताना हातात चाकू नको.
- खिशातला कचरा आणि अन्नाचे कण सांध्यात अडकतात. जेवणाआधी आणि नंतर साबण-पाण्याने धुऊन कोरडा करा. कार्बन स्टीलचं पातं लिंबू-टोमॅटोने काळवंडतं आणि ओलं राहिलं तर गंजतं.
- विमानात हँडबॅगेत चाकू नेता येत नाही. परदेशातून विकत घेतला असेल तर तो चेक-इन बॅगेतच टाका, नाहीतर विमानतळावरच सोडून यावा लागेल.