शरणपूरचा विल्यम जोन्स

श्रोतेहो, आम्ही पेठेची माणसे नाशकास जातो, शरणपुराचे नावही घेतो. परंतु तेथे शरण आलेले कोण, हे विचारीत नाही. चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइससाहेबांनी १८५४ साली ती वसाहत वसविली. पुढे गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे अक्षरओळख व कारागिरी शिकली. जोन्स त्यांतलाच. १८६४ मध्ये तो सपत्नीक मोंबासानजीक रबाई येथे, रेबमान या जर्मन मिशनऱ्याच्या साहाय्यास गेला. १८८५ मध्ये त्यास पाळकपदाची पहिली दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. मागे राहिलेला तांडा सांभाळणे म्हणजे काही शाळेचा वर्ग सांभाळणे नव्हे! १८८६ च्या आरंभी तो तांडा घेऊन जोन्स किनाऱ्यास पोहोचला.