अली 'फारका' : नायजरकाठचा गिटारवाला

आपल्याकडे खेड्यापाड्यात अजूनही दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ऐकू येतात. मूल जगत नसले की पुढच्याला असे ओबडधोबड नाव द्यायचे, म्हणजे मौतची नजर त्याच्यावर पडत नाही, ही समजूत. हिंदूंच्या घरात ती आहे, तशी आपल्याही घरांत आहे. दगडूभाई नावाचे बुजुर्ग ज्याच्या ओळखीत नाहीत असा मराठी मुसलमान विरळाच. पण हीच रीत हजारो मैलांवर, सहाराच्या दक्षिण काठावरच्या एका मुस्लिम मुलखातही आहे, हे मला एका गिटारवाल्याची हकीकत वाचताना कळले. त्याचे नाव अली इब्राहीम. आईचा दहावा मुलगा. आधीचे नऊ तान्हेपणीच गेलेले. हा जगला, म्हणून लोकांनी त्याला 'फारका' म्हटले. फारका म्हणजे गाढव. चिवट, हट्टी, ओझ्याखाली न मोडणारे जनावर. पुढे जगाने त्याला अली फारका टूरे याच नावाने ओळखले. तो स्वतः मात्र हसून सांगे, की मी गाढव आहे खरा, पण माझ्यावर कोणी स्वार होत नाही.

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी येतात. ती आफ्रिका पूर्वेची. अलीचा मुलूख पश्चिमेचा, माली. १३२४ साली सोन्याने लादलेले उंट घेऊन हजला निघालेला मन्सा मूसा इथलाच बादशहा. टिम्बक्टूची सांकोरे मशीद, तिथले उलेमा, अहमद बाबांसारखा आलिम, घराघरात संदुकीत जपलेली अरबी हस्तलिखिते, हे सारे नायजर नदीच्या या वळणावरचे. १५९१ साली मोरोक्कोच्या सुलतानाने बंदूकधारी फौज पाठवून तिथले सोनघाई राज्य मोडले. ते बंदूकधारी परत गेले नाहीत. स्थानिक बायकांशी निकाह करून तिथेच राहिले आणि त्यांच्या वंशजांना 'आर्मा' म्हणू लागले. हा शब्द अरबी 'रुमात'वरून आला, म्हणजे नेम धरून मारणारे. हजमध्ये सैतानाला खडे मारण्याचा विधी असतो, ती 'रमी' आणि हे 'रुमात' एकाच धातूचे. अलीच्या घराण्याचा संबंध या आर्मांशी. म्हणजे शिपाईगिरीचे, इभ्रतीचे, 'अशराफ' घराणे.

आणि इथेच अलीच्या बालपणाची सारी अडचण होती.

त्याचा जन्म ३१ ऑक्टोबर १९३९चा, नायजरकाठच्या कनाऊ या गावातला. माली तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. बाप फ्रेंच फौजेत भरती झाला आणि दुसऱ्या महायुद्धात मरण पावला. पोराने त्याला नीट पाहिलेही नाही. मग कुटुंब टिम्बक्टूच्या वरच्या अंगाला नियाफुंके या नदीकाठच्या गावी येऊन राहिले. अली शाळेत गेला नाही. शेतात राबायचे, नदीवर जायचे, एवढेच. पण नदीकाठी रात्री जे विधी चालत, तिथे वाद्ये वाजत. त्या वाद्यांनी पोराला पछाडले.

मालीत गाणे-वाजवणे हे ठरावीक घराण्यांचे काम. मांदे लोकांत त्यांना 'जेली' म्हणतात, फ्रेंचांनी त्यांना 'ग्रिओ' म्हटले. त्यांनी सरदारांच्या दारी जावे, वंशावळी गाव्यात, तारीफ करावी, बिदागी घ्यावी. सरदाराच्या मुलाने ऐकावे आणि द्यावे. त्याने वाद्य हातात धरायचे नाही. आपण सारे सांगत असतो की इस्लाममध्ये जातपात नाही. कुराणात नाहीच. पण मुसलमानांत आहे, हे मालीत जितके खरे तितकेच आपल्या जिल्ह्यांत खरे. मिरासी, डफाली, नगारची यांच्याशिवाय आपले उरूस झाले नाहीत, संदल निघाले नाहीत. निकाहच्या वरातीत बँडवाल्याला जागा पुढे असते, दस्तरखानावर शेवटी. माझ्या वर्गात एक मुलगा बाकावर बोटांनी अप्रतिम ठेका धरायचा. वडील काय करतात विचारले की 'मजदूरी' म्हणायचा. ते बँडपार्टीत ढोल वाजवतात हे मला दुसऱ्याच एका पोराने, तेही कुजबुजत, सांगितले. अलीची गोष्ट मी त्या मुलासाठी शोधू लागलो, असे म्हटले तरी चालेल.

अलीने सुमारे बाराव्या वर्षी स्वतःच्या हाताने जेरकेल बनवले. हे एकतारी गिटारसारखे छोटे वाद्य. एकच तार, त्यामुळे सुरांची चैन नाही. जे काय सांगायचे ते लयीतून आणि त्याच त्या स्वराच्या आसपास फिरून सांगायचे. घरच्यांना हे रुचले नाही. त्यांच्या नजरेत पोरगा घराण्याची इज्जत उतरवत होता.

यापुढची हकीकत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. एका रात्री तो वाद्य घेऊन बाहेर पडला, त्याला काही आकृत्या दिसल्या, दुसऱ्या दिवशी साप दिसला आणि मग त्याला झटके येऊ लागले. नदीतल्या रूहांनी त्याला धरले असे लोक म्हणाले. त्याला होंबोरी या गावी उपचाराला पाठवले, तिथे तो वर्षभर राहिला, आणि परतला तो वाजवण्याची परवानगी घेऊनच. घरच्यांची नव्हे, त्या रूहांची. त्याची आजी कुनांदी सांबा ही या पाण्यातल्या शक्तींच्या पंथाची, घिंबालाची, नामांकित जाणकार होती. आजचा वाचक याला मिरगी म्हणेल, कोणी शिर्क म्हणेल. दर्ग्यावरची हाजिरी पाहिलेल्या माणसाला त्यात फारसे नवल वाटणार नाही. मला त्यात एक सामाजिक गोष्टही दिसते. ज्या पोराला बिरादरी वाद्य हाती धरू देत नव्हती, त्याला बिरादरीपेक्षा मोठ्या कोणाचा तरी हुकूम हवा होता, आणि तो मिळाला. अली मोठेपणीही पंजवक्ता नमाजी होता आणि नदीच्या रूहांवरही बोलत असे. दोहोंत त्याला झगडा दिसला नाही.

पोटासाठी त्याने मिळेल ते केले. मोटार दुरुस्तीच्या कामावर उमेदवारी केली, टॅक्सी चालवली, नदीवर रुग्णांना नेणारी नाव हाकली. १९५६ साली बामाकोत त्याने गिनीच्या केइता फोदेबा यांना गिटार वाजवताना ऐकले आणि त्याच दिवशी ठरवले की आपण गिटार वाजवायची. (हे फोदेबा पुढे स्वतंत्र गिनीचे गृहमंत्री झाले आणि १९६९मध्ये आपल्याच सरकारच्या तुरुंगात मारले गेले. कलावंताला खुर्ची मिळाली की काय होते याचा तो वेगळाच धडा आहे.) अलीकडे गिटार नव्हती. उसनी मागून आणलेल्या गिटारीवर तो जेरकेलच्या चाली बसवू लागला. सहा तारा हाताशी आल्या, तरी बोटांना सवय एकाच तारेची. म्हणून त्याची गिटार पुढेही युरोपियन वाटली नाही. एक स्वर खाली तंबोऱ्यासारखा घुमत राहतो आणि वर छोटी वळणे घेत चाल फिरते.

२२ सप्टेंबर १९६० रोजी माली स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष मोदिबो केइता समाजवादी विचारांचे. प्रत्येक विभागाने आपापली गाणी, नाच, नाटके घेऊन यावे, राजधानीत युवक सप्ताहात स्पर्धा व्हावी, असे त्यांच्या सरकारने ठरवले. गावोगाव पथके उभी राहिली. नियाफुंकेच्या पथकाचे नाव 'त्रूप ११७'.  गाणारे, नाचणारे, ढोलवाले, आणि त्यांचा म्होरक्या अली. तो गाणी रचायचा, बसवायचा, गिटार वाजवायचा, न्जारका नावाचे एकतारी सारंगीसारखे वाद्य वाजवायचा, ढोल आणि बासरीही. त्या भागात सोनघाई, फुलानी, तुआरेग, बंबारा असे नाना लोक, नाना भाषा. पथक सर्वांचे, म्हणून गाणीही सर्वांच्या भाषांत. तो पुढे इतक्या भाषांत गायला, त्याची शाळा हीच.

या सरकारी पथकांचे महत्त्व मला फार वाटते. कारण जे काम सरदाराच्या पोराला घरातून हाकलायला पुरेसे होते, ते आता राष्ट्रकार्य ठरले. पथकात कोण ग्रिओ आणि कोण सरदार हे विचारायचे कारण उरले नाही. अर्थात घरात उरलेच. सुंदियाता बादशहाच्या वंशातला सालिफ केइता गाऊ लागला तेव्हा त्याच्या घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. पुढे १९७० साली बामाको स्टेशनाच्या हॉटेलात रेल्वेने उभा केलेला 'रेल बँड' वाजू लागला, त्यात तो गायला.

१९६८ साल अलीच्या आयुष्यात दोनदा मोलाचे ठरले. त्या वर्षी तो मालीतर्फे बल्गेरियात सोफियाच्या महोत्सवाला गेला. पहिलाच परदेश प्रवास. तिथे त्याने आयुष्यातली पहिली स्वतःची गिटार विकत घेतली. वय एकोणतीसच्या घरात, बारा वर्षे वाजवून झालेली, आणि तोपर्यंत सारी वाजवणूक उसन्या गिटारीवर! दुसरी गोष्ट बामाकोतली. एका विद्यार्थी मित्राने त्याला अमेरिकन काळ्या गायकांच्या तबकड्या ऐकवल्या. ओटिस रेडिंग, जेम्स ब्राऊन, आणि जॉन ली हूकर. हूकर ऐकून अली चक्रावला. हा तर आपल्याच मुलखातला कोणी वाजवतो आहे, असे त्याला वाटले. आयुष्यभर तो सांगत राहिला, की मी हूकरकडून काही घेतले नाही. झाडाची मुळे इथे आहेत, तिकडे फांद्या आणि पाने गेली. गुलामांच्या जहाजांतून तिकडे काय काय गेले याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. त्या तबकडीत मात्र त्याला तो ऐकू आला.

त्याच नोव्हेंबरात लष्कराने मोदिबो केइतांना पदच्युत केले. अली १९७०मध्ये बामाकोला जाऊन रेडिओ मालीत लागला. वाद्यवृंदात वाजवायचे आणि ध्वनिमुद्रणाचे काम शिकायचे. १९७३मध्ये तो वाद्यवृंद मोडीत निघाला. अली ध्वनियंत्राच्या खोलीत राहिला. दुसऱ्यांचे आवाज टिपता टिपता त्याने आपली गाणीही टिपली. त्या फिती पॅरिसला गेल्या आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्याच्या तबकड्या निघाल्या. १९८०मध्ये नोकरी सोडून तो नियाफुंकेला परतला आणि शेतीला लागला. मी मुळात शेतकरी, असे तो नंतर जगभर सांगे.

पुढची कीर्ती सर्वांना माहीत आहे, ती थोडक्यात. १९८७मध्ये लंडन. मग अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर 'टॉकिंग टिम्बक्टू', त्याला १९९५चे ग्रॅमी. याच कूडरने आदल्याच वर्षी आपल्या पंडित विश्वमोहन भट्टांबरोबर ग्रॅमी घेतले होते. पैसा आला तो अलीने पाण्याच्या पंपांत, कालव्यांत, रस्त्यात घातला. २००४मध्ये गावाने त्याला महापौर केले.

शिपाईगिरीच्या घराण्यातून सूर निघावेत यात आपल्याला नवल वाटू नये. मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगारच सितार आणि तंबोरे बनवू लागले. ते तंबोरे किती मैफिलींत वाजले, त्याची गणती नाही. पण 'शिकलगार' म्हणून पोरीला स्थळ पाहताना आजही नाक मुरडले जाते, हेही आपण जाणतो. मौसिकी हलाल की हराम ही बहस जुनी आहे. इमाम गझालींनी इह्यात समावर अख्खे प्रकरण लिहिले, चिश्तींनी आपला मार्ग निवडला, इतरांनी वेगळा. ती बहस आलिमांनी जरूर करावी. माझी तक्रार एवढीच आहे, की पुष्कळदा तिच्या आडून आपण वाजवणाऱ्याची बिरादरी मोजत असतो.

खुद्द अलीही यातून पुरता सुटला नव्हता. स्वतः सारी बिरादरी अंगावर घेणाऱ्या या माणसाने मुलाला, व्यूला, संगीताला मनाई केली. त्याने फौजेत जावे अशी बापाची इच्छा. संगीताच्या धंद्यात आपण किती फसवले गेलो याची आठवण त्यामागे होती, पण जुना बंदूकधारी आजाही असावा. व्यू चोरून गिटार शिकला. अखेरच्या दिवसांत, हाडांच्या कर्करोगाने अंथरूण धरल्यावर, बाप नरमला आणि मुलाच्या पहिल्या तबकडीत स्वतः वाजवून गेला. मार्च २००६मध्ये बामाकोत त्याचा इंतकाल झाला. मालीच्या सरकारी रेडिओने नेहमीचे कार्यक्रम थांबवून त्याचीच गाणी लावली. मय्यत नियाफुंकेला नेऊन दफन केली.

सहा वर्षांनी, २०१२मध्ये, हत्यारबंद टोळ्यांनी उत्तर माली काबीज केला. टिम्बक्टूतल्या वलींच्या मजारी कुदळींनी पाडल्या, नियाफुंकेसह साऱ्या भागात वाजवण्यावर बंदी आली. नायजरकाठच्या दिरे गावात गारबा टूरे नावाचा तरुण गिटारवाला होता. त्याचे वडील अलीच्या साथीला वर्षानुवर्षे तालवाद्य वाजवत आलेले. त्याने एक पिशवी आणि गिटार उचलली आणि दक्षिणेकडे जाणारी बस पकडली. बामाकोत त्याला उत्तरेतूनच आलेले आणखी दोघे वादक भेटले. तिघांचेही आडनाव टूरे, नाते काही नाही. गावाकडची पळून आलेली माणसे शहरात खूप होती, त्यांना गावाकडची गाणी ऐकायची होती. तिघांनी एक ढोलवाला शोधला आणि बँड उभा केला.