लोणारचा खार आणि घरांतील अलंकारशुद्धि

बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करितांना सिंदखेड, मेहकर व लोणार हीं नांवें अभ्यासकांपुढें प्रथम येतात. परंतु घराघरांतून पेटीच्या तळाशीं जपून ठेविलेल्या सरी, गोट, पाटल्या व तोडे हींहि इतिहासाचीं साधनेंच होत. तीं कोणत्या रीतीनें उजळलीं जातात, यावर त्यांतील पुरावा टिकेल कीं पुसला जाईल हें अवलंबून असतें. या घरगुती विषयाकडे संशोधकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. लेप न लागलेलें सुवर्णपात्र, शंखमोत्यांसारख्या जलज वस्तु, पाषाणपात्रें आणि नक्षी नसलेलें रुपें हीं केवळ पाण्यानें शुद्ध होतात. तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांना मात्र क्षार, आम्ल व पाणी यथायोग्य वापरावें, असा तेथील निर्णय आहे. प्रकरण धर्मशुद्धीचें असलें तरी त्यामागील द्रव्यज्ञान उघड आहे. शुद्ध सोन्यास गंज चढत नाहीं. त्यावर बसतो तो तेलाचा व धुळीचा मळ. मोतीं चुन्याच्या जातीचें असल्यानें आम्लांत झिजतें. नथ चिंचेच्या पाण्यांत बुडवूं नये, याचें कारण हेंच.

कौटिल्याची दृष्टि निराळी, ती राज्यकारभाराची. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, जुन्या दागिन्यांची दुरुस्ती करितांना धातु चोरण्याचे चार मार्ग त्यानें सांगितले आहेत: परिकुट्टन, अवच्छेदन, उल्लेखन व परिमर्दन. यांपैकीं परिमर्दन म्हणजे हरताळ, मनशीळ, हिंगूळ किंवा कुरुविंद यांचें चूर्ण वस्त्रास लावून दागिना घासणें. दागिना कोठें तुटत नाहीं, फुटत नाहीं. सोनें-रुपें मात्र क्षीण होतें. आजचें झिलईचें चाक हें याच परिमर्दनाचें यंत्ररूप होय. फरक इतकाच कीं, त्यांत चोरीचा हेतु असलाच पाहिजे असें नाहीं.

क्षार आमच्या जिल्ह्यास परका नव्हे. आईन-इ-अकबरींत, बेरार सुभ्याच्या वर्णनांत, लोणारच्या परिसरांत कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें मिळतात अशी नोंद आहे. उन्हाळ्यांत सरोवराचें पाणी ओसरलें म्हणजे कांठास खार बसे. त्याच्या दल्ला, पापडी, भुस्की अशा जाती मानीत. तो उद्योग आतां उरलेला नाहीं. सरोवर संरक्षित असून २०२० सालीं त्याचा रामसर यादींत समावेश झाला. त्या खारांतील मुख्य द्रव्य आणि आपल्या घरांतील धुण्याचा सोडा हीं मूलतः एकच.

याच जिल्ह्यांतील खामगांव चांदीच्या व्यापारामुळें ‘रजतनगरी’ म्हणून ओळखलें जातें. चांदी काळी पडते ती हवेंतील गंधकाच्या योगानें. घासून तो काळा थर काढिला तर त्याबरोबर चांदीहि जाते. उलट, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत गरम पाणी व सोडा घालून चांदीचा साधा दागिना भांड्याच्या धातूस टेकेल असा ठेविला, तर गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो व चांदी दागिन्यावरच राहते. मोतीं व खडे जडविलेल्या, लाख भरलेल्या अथवा नक्षींत मुद्दाम काळा रंग दिलेल्या दागिन्यांस हा उपाय वर्ज्य समजावा. सोन्यास कोमट पाण्यांतील रिठ्याचा फेस व मऊ वस्त्र पुरे; मोत्यांस ओलसर सुती फडकें पुरे. दागिना पूर्ण कोरडा करून सुती कापडांत ठेवावा. लोकरींत गंधक असल्यानें चांदी लोकरीच्या वस्त्रांत गुंडाळूं नये.

हें सारें आम्हांस उशिरां कळलें. आमच्या मातोश्रींच्या चांदीच्या तोड्यांची जोडी एका लग्नाच्या गडबडींत आम्हीं एका पेढीवर उजळावयास दिली. ती चकचकीत होऊन आली. पण आंतल्या बाजूस त्यांच्या माहेरचें नांव व शक कोरलेला होता, तीं अक्षरें दिसेनाशीं झालीं होतीं. आम्हीं तीं कधीं उतरून घेतलीं नव्हतीं. शक कोणता होता, हें सांगणारें कोणी आतां उरलेलें नाहीं. आयुष्यभर मुलांना जुन्या लेखांचें महत्त्व शिकविणाऱ्या आमच्या घरींच एक लेख नष्ट झाला, आणि तो आम्हींच पाठविला होता.

यास्तव वाचकांस विनंति अशी कीं, घरचा कोणताहि जुना दागिना बाहेर देण्यापूर्वीं त्याचें वजन करून टिपून ठेवावें, त्यावरील अक्षरें उतरून घ्यावीं व छायाचित्र काढावें. आणि शक्य तों तो बाहेर देऊंच नये. थोडा काळेपणा राहिला तरी चालेल. गेलेलें अक्षर परत येत नाहीं.