कार्ल पर्किन्स, टेपचा प्रतिध्वनी आणि एक अपघात

माझं संशोधन प्रतिध्वनीवर आहे, त्यामुळे जुनी रेकॉर्डिंग ऐकताना माझं लक्ष गाण्यापेक्षा आवाजामागून येणाऱ्या आवाजाकडे जातं. (घरचे वैतागतात.) रॉकाबिलीकडे मी वळले ती अशीच.

मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स गायकाचा आवाज दुसऱ्या टेपयंत्रातून फिरवून परत मिसळायचा. त्या यंत्राच्या एका हेडवर आवाज नोंदला जातो, थोड्या अंतरावरचं दुसरं हेड तो वाजवतं. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि हेडमध्ये २ इंच अंतर असेल, तर आवाज ०.१३ सेकंद उशिरा येतो. एवढासाच उशीर, पण त्याने तीन-चार वाद्यांचा ताफा भरगच्च वाटायला लागतो. याला स्लॅपबॅक म्हणतात.

याच स्टुडिओत डिसेंबर १९५५ मध्ये कार्ल पर्किन्सने 'ब्लू स्वेड शूज' गायलं. जन्म १९३२ चा, टेनेसीतल्या टिप्टनव्हिलजवळचा. घरची शेती वाट्याची, म्हणजे जमीन दुसऱ्याची. लहानपणापासून कापूस वेचला. गिटारचे धडे मिळाले ते शेतावरच्या एका वयस्क कृष्णवर्णीय मजुराकडून, आणि रेडिओवर कंट्री संगीत. रॉकाबिली म्हणजे या दोन्हींचं मिश्रण, हे पुस्तकात वाचण्याआधी कार्लच्या बोटांत होतं. गाणं पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत चढलं.

आणि २२ मार्च १९५६ ला, टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना, डेलावेअरमध्ये गाडी ट्रकवर आदळली. कार्ल आणि त्याचा भाऊ जे जबर जखमी झाले, ट्रकचालक गेला. लगेच एल्विस प्रेस्लीची आवृत्ती बाजारात आली. तेव्हापासून एकच गोष्ट सांगितली जाते: अपघात झाला नसता तर कार्लच एल्विस झाला असता.

मला हे पटत नाही. एल्विसने ते गाणं जानेवारीतच ध्वनिमुद्रित केलं होतं, फेब्रुवारीत टीव्हीवर गायलंही होतं. म्हणजे अपघाताआधीच. शिवाय पॉप यादीत कार्लची आवृत्ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. एल्विसची तिच्या बरीच खाली राहिली. अपघाताने गाणं नाही हिरावलं, गाणं तापलेलं असतानाचे आठवडे हिरावले. त्याचा नेमका परिणाम किती, हे एका नमुन्यावरून कसं सांगणार? दुसरा, अपघात न झालेला कार्ल आपल्याकडे नाही.

जे १९५८ मध्ये मेंदूच्या गाठीने वारला. कार्लला दारूने धरलं. पुढे बरीच वर्षं तो जॉनी कॅशच्या ताफ्यात गिटार वाजवत होता. १९६४ मध्ये बीटल्सनी त्याची गाणी मुद्रित केली, त्यातलं 'मॅचबॉक्स' मुद्रित होताना तो लंडनच्या स्टुडिओत हजर होता. १९९८ मध्ये तो गेला.

हेडफोन लावून एकदा सनची मूळ आवृत्ती ऐका, आणि लगेच एल्विसची. गायकांची तुलना नंतर करा, आधी आवाजामागचा आवाज शोधा.